खालचं बोट

रफू करताना सगळी करामत सुईवाल्या हाताची, असं बघणाऱ्याला वाटतं. मावशींचं खरं काम मात्र खालच्या बोटात होतं. डाव्या हाताचं पहिलं बोट कापडाखाली धरायचं, सुईचं टोक त्याला हलकेच लागलं की सुई वळवायची. लागलं नाही तर टाका वरवरचा, टोचलं तर जास्त खोल. लाँड्रीच्या खिडकीपाशी बसून तीस वर्षं त्या अशी भोकं बुजवत होत्या, आणि गिऱ्हाइकं आपलं भोक शोधत शोधत पायऱ्या उतरत होती.

मग आजार निघाला. केमो झाली, केस गेले, आता पुन्हा उगवूही लागले. बोटं मात्र परत आली नाहीत. हातात जाड मोजे चढवल्यासारखं वाटायचं, आणि मोज्यांच्या आत मुंग्या. तळपायांची आग आग व्हायची, पण खालची जमीन कळायची नाही. डॉक्टर म्हणाले, "औषधानं नसांना मार बसलाय. बऱ्याच जणांचं वर्षभरात सुधारतं. काहींचं नाही सुधारत." दुसरं वाक्य आपण ऐकलंच नाही, असं मावशींनी ठरवून टाकलं.

मालकांनी खुर्ची आठ महिने रिकामी ठेवली. मग एक दिवस म्हणाले, "मावशी, काम तुंबलंय. दुसरा एक रफूवाला यायला तयार आहे. तुम्ही आधी हा कोट करून बघा. जमला तर त्याला मी नाही म्हणून कळवतो."

काळा लोकरी कोट. बाहेरून लावलेल्या खिशावर कसरीनं खाल्लेली तीन भोकं. मावशींनी सवयीनं बोट खिशात घातलं, नजर सुईवर ठेवली आणि टाके घालत गेल्या. तीन तास मान वर केली नाही.

मालकांनी कोट खिडकीशी धरला. "वा! भोक कुठं होतं तेच विसरलो." इस्त्रीला द्यायचा म्हणून त्यांनी खिशात हात घातला. हात चार बोटं आत जाऊन अडला.

"मावशी, हा खिसा आहे की थट्टा?"

बोट केव्हा तरी बाजूला सरकलं होतं. सुईनं खिसा आणि मागचा कोट एकत्र शिवून टाकला होता. इतका सुबक, की उसवायलाही जीव होईना.

"उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," मावशी म्हणाल्या. "घरी नेते."

मालकांनी कोट पिशवीत घालून दिला.

घरी वन्सं होत्या, मावशींच्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. वय झालं होतं, जिभेचं मात्र नाही. दुपारच्या उजेडात दोघी कोट घेऊन बसल्या. वन्संना सुईचं नेढं दिसेना, मावशींना दोरा चिमटीत लागेना.

"तुमचे डोळे आणि माझी बोटं," मावशी म्हणाल्या, "दोघी मिळून एक धड बाई होईना."

"एक कसली, अर्धीसुद्धा नाही. आण इकडे."

पाचव्या खेपेला दोरा ओवला गेला. जुने टाके उसवून झाले. दवाखान्याच्या फाइलचा पुठ्ठा कापून मावशींनी खिशात सरकवला, सुई पलीकडे जाऊ नये म्हणून. पण टाका घट्ट की सैल, ते पुठ्ठा काय सांगणार? दोरा तोडायला त्यांनी कापड दाताशी नेलं, आणि लोकर ओठाला लागली. मावशी थबकल्या. उभा धागा कळला. आडवा कळला. एक सैल सुटलेला, तोही कळला. मग दर ओळीला त्या कापड खालच्या ओठावरून फिरवू लागल्या.

"रफू करतेस की कोटाचे मुके घेतेस?" वन्संनी विचारलं.

किती दिवसांनी मावशी हसल्या.

सकाळी मालकांचा हात खिशात मनगटापर्यंत गेला. त्यांनी त्या माणसाला नको म्हणून कळवलं आणि मावशी खुर्चीवर बसल्या. ढिगातली वरची पँट घेतली, पुठ्ठा घातला, एक ओळ भरली आणि कापड तोंडाशी नेलं.

"मावशी! हे काय?"

त्यांनी सांगितलं. लपवावं असं मनातही आलं नाही.

मालक स्टूल ओढून समोर बसले. "ती पँट धुतलेली नाही."

"माहीत आहे. आधी रफू, मग धुणं. नाहीतर धुण्यात भोक वाढतं. तुमच्या वडिलांनीच शिकवलं मला."

"अहो, तुमची प्रतिकारशक्ती अजून कमी. कुणाच्या अंगावरून आलंय कोण जाणे. काही झालं तर? आणि गिऱ्हाइकानं पाहिलं तर?"

"आधी कोण, मी की गिऱ्हाईक?"

"खरं सांगू? दोन्ही," मालक म्हणाले. "पुन्हा तोंडाला लावायचं नाही. वचन द्या."

मावशींनी ढिगाकडे पाहिलं. वीस-बावीस कपडे होते. मग त्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाची असावीत तसं.

"वचन दिलं तर काम होत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला पुन्हा फोन करा. आत्ताच नाही म्हटलंत, अजून कुठं लागला नसेल."

"बटणांचं काम बघाल का? बसून—"

"बटण हातात आहे की पडलं, तेच मला कळत नाही. करा फोन."

मालकांनी फोन उचलला, हातात धरून ठेवला आणि मग लावला. मावशींनी अर्धी राहिलेली ओळ उसवून ठेवली, नव्या माणसाला दुसऱ्याच्या टाक्यांवर काम करायला लागू नये म्हणून. टेबलाला धरून उठल्या. खाली बघत, एक एक पाऊल टाकत दाराकडे निघाल्या.

मालकांना ते बघवेना. "मावशी, मान खाली घालू नका हो. तुमचं काही चुकलेलं नाही."

"मान वर केली तर पडेन," मावशी म्हणाल्या. "पाय कुठं पडतोय ते बघावं लागतं."

आणि बघत बघत त्या पायऱ्या उतरल्या.