आतून न उघडणारं दार

कुरिअरवाल्यांची ती जुनी बंद गाडी सुगतने दारात आणून उभी केली, तेव्हाच प्रणाली धास्तावली. गाडीची भीती नव्हती. गाडी ज्या कामासाठी आणली होती, त्याची होती.

सुगत तायडे पंधरा वर्षं नौदलात होता. तिथे तो शिडाच्या फळीवर उभा राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायला शिकला. नोकरी संपवून अमरावतीला बँकेत लागला, तेव्हा सामानात एक लांबलचक फळी, दोन शिडं आणि डोलकाठी होती. तीन वर्षं ते सगळं बडनेरा रोडवरच्या घराच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पडून होतं. प्रणाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिचं लहानपण धारणीकडे गेलं होतं, आणि पुराच्या पाण्यात वर्गातली एक मुलगी गेलेली तिने पाहिली होती. तिला पोहता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

"फळी न्यायची, अन् आपण सारे तिथंच मुक्काम करायचा," सुगत म्हणाला. "दीक्षाले रात्री चांदण्या दाखवू. हॉटेल नको, काही नको."

सात वर्षांच्या दीक्षाने त्याच दिवशी गाडीत आपली बाहुली नेऊन ठेवली.

कामाला हात लागला तो शेषरावांचा. सुगतचे वडील, अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक. बायको गेल्यापासून ते मुलाकडे राहत होते आणि हाताला काम नसल्यामुळे कावलेले असायचे. गाडी आली आणि म्हातारा उजळला. बापलेकांनी दोन महिने खपून आतून पत्र्याला प्लायवूड ठोकलं, पलंग केला, पलंगाखाली फळी आणि डोलकाठी सरकवायला बोगदा ठेवला. बाजूच्या सरकत्या दाराला लागून स्वयंपाकाचा ओटा बसवला, त्यामुळे ते दार कायमचं बंद झालं. एक बॅटरी, एक छोटा फ्रीज, पाच किलोचं सिलिंडर. येण्याजाण्यासाठी राहिलं फक्त मागचं दुपाखी दार.

त्या दाराला कुरिअरवाल्यांनी चोरी होऊ नये म्हणून एक खास कुलूप बसवलेलं होतं. दार आपटलं की आपोआप लागायचं आणि उघडायचं तर बाहेरून किल्लीच हवी. आतून मूठच नव्हती. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड पत्र्याचा पडदा होता. त्यात खिडकी कापायची होती, पण सुट्ट्या संपत आल्या होत्या.

"आतून कसं उघडायचं?" प्रणालीने विचारलं होतं.

"दार लावतेच कोण? उघडंच ठेवू. पुढच्या खेपेले मूठ बसवतो," सुगत म्हणाला. शेषरावांनीही मान हलवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते मोर्शीकडच्या धरणावर गेले. पाणी आटून काठ उघडा पडला होता आणि त्या गाळाच्या जमिनीवर लोकांनी काकडी, वांगी लावली होती. सुगतने जवळच्या वाडीतल्या मनकर्णाबाईंना विचारून गाडी त्यांच्या बांधालगत लावली. ऊन अजून तापत होतं, पण पश्चिमेचा वारा सुटला होता आणि सुगतचे डोळे चमकत होते.

त्याने छातीला फुगीर जाकीट बांधलं, किल्ली प्लास्टिकच्या थैलीत घालून कमरेला लावली आणि मोबाइल केबिनमध्ये ठेवला. शीड उभं राहिलं, वारा भरला आणि फळी सपकन निघाली. दीक्षा टाळ्या वाजवत होती. प्रणाली काठावर उभी राहून त्या लाल शिडाकडे बघत होती. शीड लहान होत गेलं.

"चाल वं दीक्षा, चहा मांडू," शेषराव म्हणाले आणि नातीला घेऊन गाडीत चढले.

प्रणालीची पाठ गाडीकडे होती. वाऱ्याचा एक जबर झोत आला, वाळूचे कण तिच्या गालावर टोचले, आणि मागे धाडकन आवाज झाला. पाठोपाठ दुसरा. मग भांडं पडल्याचा आवाज आणि दीक्षाची किंकाळी.

ती वळली. मागच्या दाराची दोन्ही पाखं बंद होती.

ती धावत गेली, दार ओढलं. हललंही नाही.

"मम्मी!" आतून दीक्षा ओरडत होती. "मम्मी, अंधार हाय!"

"बाबा! बाबा, काय झालं?"

शेषरावांचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. "दचकलो मी. शेगडी पडली. पायावर चहा सांडला. नळी निंघाली वाटते." मग थोडा वेळ नुसती धडपड. "रेग्युलेटर सापडून नाई राहिला... थांब... हं. झाला बंद."

तोवर दाराच्या फटीतून वास प्रणालीच्या नाकापर्यंत आला होता.

तिने बाजूला पडलेला धोंडा उचलला आणि कुलपावर घालायला हात वर केला.

"ठोकू नको!" आतून शेषराव एवढ्या जोरात ओरडले की धोंडा तिच्या हातातून सुटला. "पोरी, ठोकू नको! आत ग्यास भरला हाय. ठिणगी पडली तं संपलं. दीक्षा, लाईटले हात लावू नको, माय. पलंगावर चढ. वर, अजून वर."

प्रणाली काठाकडे धावली. ओढणी काढून हवेत फिरवू लागली. "सुगत! अहो!" पार पलीकडे लाल शीड एका बाजूला कललेलं होतं. त्याने हात वर केल्यासारखं वाटलं. तिला कळलं, त्याला वाटतंय ती कौतुकाने हात हलवतेय. आणि तिच्या डोळ्यांदेखत ते शीड आडवं झालं, पाण्यात पडलं आणि पुन्हा उठलं नाही.

ती तशीच उभी राहिली. कदाचित पाच श्वास. मग दीक्षाचं खोकणं ऐकू आलं आणि ती पाण्याकडे पाठ करून गाडीकडे पळाली.

मनकर्णाबाई आवाज ऐकून आल्या होत्या, हातात विळा, लुगड्याचा काष्टा मारलेला. प्रणालीने दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी विळा लांब फेकून दिला आणि वाडीकडे तोंड करून हाक मारली, "नत्थुजी! गाव गाठा! डोंगा घेऊन पोरं पाठवा पाण्यात!" त्यांचा नवरा सायकलवर टांग टाकून निघाला. प्रणालीने १०८ ला मोबाइल लावला. मोर्शीहून रुग्णवाहिका निघते आहे, म्हणाले. अर्धा तास.

अर्धा तास. पत्र्याची बंद पेटी, जूनमधलं ऊन, आणि आत गॅस.

"पोरी, केबिनमध्ये जा," शेषराव सांगू लागले. त्यांना मधूनमधून खोकला येत होता. "दोन्ही दारं उघडी ठेव. मधच्या पत्र्याले तुह्या बाजूनं आठ नट हायत. वर उजवीकडे वायरीचं भोक हाय, त्यातून माह्या पेटीतला पाना देतो."

प्रणाली सीटवर गुडघे टेकून बसली. पत्र्याच्या वरच्या कोपऱ्यात लाइटच्या वायरसाठी पाडलेलं भोक होतं, दोन बोटं जातील एवढं. त्यातून तेरा नंबरचा पाना हळूहळू बाहेर आला. पाना ओढून घेतल्यावर तिथे एक छोटं बोट दिसलं. मग बोट गेलं आणि दीक्षाचे ओठ आले, भोकाला चिकटलेले, मासोळीसारखे उघडमिट करणारे. शेषरावांनी तिला तिथूनच श्वास घ्यायला सांगितलं होतं.

"मी इथंच आहे," प्रणाली म्हणाली. "बोलू नको. नुसता श्वास घे."

पहिला नट हलेना. तिने आयुष्यात पाना धरला नव्हता.

"कोनत्या बाजूनं फिरवून राहिली?"

तिने सांगितलं.

"उलटं. उलटं फिरव. आन् घाई करू नको, पाना निसटला तं पत्र्यावर आदळन."

नट कुरकुरला आणि सुटला. दुसरा सुटला. घाम डोळ्यांत जात होता आणि पाना नटावर बसवायलाच दोन-तीनदा प्रयत्न करावा लागे. बाहेर मनकर्णाबाई डबक्यातून बादल्या भरून गाडीच्या टपावर पाणी ओतत होत्या. पत्र्यावरून पाणी सळसळत खाली यायचं, आणि प्रत्येक वेळी प्रणालीला त्या लाल शिडाची आठवण यायची. ती मान वळवून मागे बघत नव्हती. बघितलं असतं तर हातातला पाना चालला नसता, हे तिला ठाऊक होतं.

पाचव्या नटाला शेषराव पत्र्याजवळ येऊन अगदी हळू बोलले, दीक्षाला ऐकू जाऊ नये असं. "प्रणाली, तो फ्रीज सध्या बंद हाय. तो आपोआप चालू होत असते. त्याचा प्लग काढला तरी ठिणगी, नाई काढला तरी. म्हून... जेवढं जमन तेवढं लवकर."

त्यानंतरचे दोन नट कसे निघाले ते तिला कधीच आठवलं नाही. आठवतो तो आठवा. तो जागच्या जागी गोल फिरत राहिला, बाहेर येईना.

"बाबा, हा नुसता फिरतोय."

उत्तर आलं नाही.

"बाबा!"

दीक्षाचे ओठ भोकापासून हलले. "मम्मी, आबा खाली बसले."

प्रणालीने पाना सीटवर फेकला. पत्र्याच्या सुट्या कडेत दोन्ही हातांची बोटं घातली आणि ओढलं. कड तळव्यात घुसली. मनकर्णाबाई दुसऱ्या दारातून आत आल्या आणि त्यांनीही हात घातला. "ओढ माय, ओढ!" पत्रा कण्हला, एका नटावर दारासारखा फिरला आणि हातभर फट पडली. गॅसचा उग्र भपका तोंडावर आला. त्या फटीतून दीक्षाचं डोकं, मग एक खांदा. प्रणालीने तिला काखेत धरून बाहेर खेचलं. मनकर्णाबाईंनी पोरीला उचललं आणि वाऱ्याच्या बाजूला, बांधापलीकडे पळत नेलं.

प्रणाली फटीतून आत घुसली. आत तापलेल्या भट्टीसारखं होतं. चाचपडत तिच्या हाताला शेषरावांची कॉलर लागली. म्हातारा सडपातळ, पण तेव्हा पोत्यासारखा जड झाला होता. "बाबा, उठा! पाय लावा!" ती ओरडली. तिने सासऱ्यांवर इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता. त्यांनी पाय लावला. अर्धे ते चढले, अर्धं तिने ढकललं, आणि दोघं केबिनच्या दारातून खाली गाळात पडले. ते उठून दहा पावलं जातात न जातात तोच मागे गाडीत फ्रीजची बारीक घरघर सुरू झाली.

प्रणालीने डोळे गच्च मिटले आणि शेषरावांच्या अंगावर ओणवी झाली. काही झालं नाही. वारा मोकळ्या केबिनमधून आरपार वाहत होता आणि घरघर चालू होती.

दीक्षा ओकली, मग रडू लागली. प्रणाली बांधावर बसली आणि तिने पहिल्यांदा पाण्याकडे बघितलं. पाण्यावर काहीच नव्हतं.

पाऊण तासाने सुगत आला, गावातल्या कुणाच्या मोटरसायकलवर, मागे बसून. डोलकाठी मोडली होती, वाऱ्याने त्याला पलीकडच्या काठाला नेऊन टाकलं होतं. तोवर मोर्शीची रुग्णवाहिका आली होती आणि तिच्यातली माणसं शेषरावांच्या पायाला पट्टी बांधत होती. सुगतने उघडी केबिन बघितली, वाकलेला पत्रा बघितला, बायकोचे रक्ताळलेले तळवे बघितले. कमरेची किल्लीची थैली त्याने सोडली आणि ती हातात धरून तो उभा राहिला.

प्रणालीला वाटलं होतं, हा जिवंत दिसला की आपण याच्या गळ्यात पडू. मग वाटलं, थोबाडीत मारू. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. "दीक्षाजवळ बसा," एवढंच म्हणाली.

शेषराव मोर्शीच्या दवाखान्यात दोन दिवस होते. सुगत त्यांच्या उशाशी बसून म्हणाला, "बाबा, चुकलो मी."

"तू एकटा कावून?" शेषराव म्हणाले. "तीस वर्सं गाड्या दुरुस्त केल्या. आतून मूठ नसलेली गाडी मी रस्त्यावर सोडली नसती कधी. घरची होती म्हून सोडली."

जुलैत सुगतने गाडीला गिऱ्हाईक आणलं. अकोल्याचे खुशालराव, फुलांचे व्यापारी, अकोटहून फुलं आणायला त्यांना बंद गाडी हवी होती. त्यांनी टायर दाबून पाहिले, मागचं दार उघडलं. दारावर आता आतून मोठी लोखंडी मूठ होती. मधल्या पत्र्यात माणूस निघेल एवढी खिडकी होती आणि सिलिंडर बाहेर जाळीच्या पेटीत होतं. शेषरावांनी लंगडत लंगडत तीन आठवड्यांत हे सगळं केलं होतं. कशासाठी, ते कुणी विचारलं नव्हतं.

दीक्षा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ती अजून न्हाणीघराचं दारसुद्धा लावू देत नसे.

"थांबा जरा," प्रणाली खुशालरावांना म्हणाली. ती गाडीत चढली आणि तिने दार आतून ओढून घेतलं. खटकन कुलूप लागलं. खिडकीतून थोडा उजेड येत होता, तरी तिने मूठ चाचपून पाहिली. कपाळाला दरदरून घाम फुटला. तिने मूठ फिरवली, दार उघडलं, बाहेर बघितलं, आणि पुन्हा लावून घेतलं. असं तिने तीनदा केलं. तिसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा तिने कपाळाचा घाम पुसला.

"मम्मी, भेव लागते का तुले?" दीक्षाने ओसरीवरून विचारलं.

"हो. खूप."

"मंग कावून बसते?"

प्रणालीने नव्या मुठीवर हात ठेवला. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि सुगतकडे बघून म्हणाली, "आज नका विकू. पुढचं पुढं पाहू."

सुगतने खुशालरावांना चहा पाजला आणि हात जोडले. ते थोडे चिडूनच गेले. शेषराव आपली हत्यारांची पेटी उचलून आत गेले. प्रणाली बराच वेळ पायरीवर बसून राहिली. दीक्षा ओसरी सोडून आली नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.