बोट कुणाचं

मी ग्लुकोमीटर बोलतोय. घरातले मला ‘शुगरचं मशीन’ म्हणतात. काळ्या पाकिटात, पट्ट्यांची डबी आणि सुया यांच्या शेजारी मी पडून असतो. कुणी चेन उघडली तरच उजेड दिसतो.

चार वर्षांपूर्वी सम्यकनं मला शहागंजातल्या औषधाच्या दुकानातून त्याच्या मायसाठी, भामाबाईंसाठी आणलं. माझी तारीख-वेळ लावायची राहिली, ती राहिलीच. दर सोमवारी चहाआधी भामाबाई बोट पुढं करायच्या आणि सून करुणाला म्हणायच्या, “टोच बाई. डास फुकट पितो, हे निदान आकडा तरी देतंय.”

आकडा एकशे तीसच्या आसपास यायचा. सगळे खूश.

मग एका सकाळी सम्यक वाळूजच्या कारखान्यातून तिसरी पाळी करून, सारख्या तहानेनं हैराण होऊन आला आणि मला घेऊन न्हाणीत शिरला. कडी लावली. स्वतःचं बोट टोचलं. दोनशे सत्त्याऐंशी! उपड्या बादलीवर तो कितीतरी वेळ बसून राहिला.

प्रेस मशीनवर तो कंत्राटी कामगार. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या सुदर्शनला कामावर चक्कर आली, तपासणीत शुगर निघाली. ठेकेदार म्हणाला, “बरा झाला की ये.” शुगर अशी बरी होत नसते. सुदर्शन अजून घरीच आहे.

त्यामुळं सम्यकनं कुणालाच सांगितलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी न्हाणी, कडी, बोट. मायचे आणि लेकाचे आकडे माझ्या पोटात एकात एक मिसळून साठत गेले. मला आकडा ठेवता येतो, नाव ठेवून घेता येत नाही.

क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझं बटण दाबत मागचे आकडे पाहिले.

“मावशी, लई वाढलीय. गोड खाता?”

“नाय वो! सोमवारचा आकडा तर बरा येतो. चहा बी बिनसाखरेचा पिते.”

“मशीन खोटं बोलत नाही, मावशी.”

शेजारी उभ्या सम्यकनं तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली.

सहाव्या दिवशी मेथी निवडताना भामाबाईंना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, शब्द जड झाले.

“अहो, आत्याबाईंकडं बघा!” करुणा ओरडली. तिनं बोट टोचलं. अठ्ठेचाळीस. तिनं घाईनं साखरपाणी पाजलं. भामाबाईंचे डोळे हळूहळू स्थिर झाले, तेव्हा सम्यक त्यांच्या पायाशी रडत होता.

“माय, ते मोठाले आकडे माझे व्हते.”

भामाबाईंनी साखरपाण्याचा पेला खाली ठेवला.

“मग माझ्या वाढीव गोळ्या बी तूच खायच्या व्हत्या की रं!”

त्याच संध्याकाळी दोघं दवाखान्यात गेली. मायची गोळी कमी झाली, लेकाची सुरू झाली. करुणानं वहीत दोन रकाने आखले आणि वर दोन नावं लिहिली.

वाळूजमध्ये मात्र अजून कुणाला काही ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात कंपनीत तपासणी आहे. सम्यकच्या गोळ्या माझ्याच पाकिटात, माझ्या शेजारी असतात. कामाला निघताना तो एक तोंडात टाकतो आणि चेन घट्ट ओढतो. पुन्हा अंधार.

आकडा मी खरा देईन. बोट कुणाचं, ते मात्र तुम्हालाच सांगावं लागेल. वेळेवर सांगा.