ह्यांच्याविरुद्ध जाहीरनामा

अमेरिका इंग्लंडपासून वेगळी झाली ती आमच्या स्वयंपाकघरात, सत्त्याऐंशी साली. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि पाठ करायचं म्हणजे मोठ्याने वाचायचं, ही माझी खोड. अंबरनाथच्या समता वसाहतीत आमच्या दोनच खोल्या, त्यामुळे आईचंही आपोआप राज्यशास्त्र होत होतं.

"तेरा वसाहतींनी राजाला कळवलं, की यापुढे आम्ही तुझे नाही," मी वाचलं.

आई भाकरी थापताना थांबली. "तेरा वसाहती एक झाल्या? इथे एका वसाहतीत दोन लाइनी एक होत नाहीत."

"अगं आई, त्या वसाहती म्हणजे कॉलन्या."

"मग आपली काय आहे? सगळे कॉलनीच म्हणतात ना." तिने भाकरी तव्यावर टाकली. "राजा करायचा काय त्यांना?"

"ऐकायचा नाही. लांब बसून हुकूम सोडायचा."

"आणि पाणी कधी सोडायचा?"

मला हसू आलं, पण तिला नव्हतं आलं. आमच्या वसाहतीचा राजा म्हणजे अध्यक्ष शंकरकाका. खेटे घालून घालून नळाची लाइन त्यांनीच आणली होती, हे खरं. पण तेव्हापासून त्यांचा तोरा असा, की बारवी धरण जणू त्यांनी स्वतः घमेल्याने माती वाहून बांधलं. वॉल्वची लोखंडी चावी त्यांच्या उशाखाली असायची. पहाटे वरच्या लाइनीतल्या घरांना पाणी. खालच्या लाइनला कधी, तर काकांची आंघोळ, बुद्धवंदना, चहा आणि पेपर झाल्यावर. आम्ही खालच्या लाइनीत.

बाबा गेल्यावर आई त्यांच्या जागी फॅक्टरीत कॅन्टीनला लागली होती. नोकरी अजून पक्की नव्हती, आणि उशीर होत राहिला तर होणारही नाही, असं तिला स्पष्ट सांगितलं होतं. शंकरकाका पाणी सोडत नव्हते, म्हणून आईवर नोकरीवर पाणी सोडायची पाळी आली होती. मला त्या माणसाचा असा राग यायचा, की पेपरवाल्यालाच सांगावं, बाबा रे, उद्यापासून टाकू नकोस.

"मग त्या लोकांनी काय केलं? मारामारी?" आईने विचारलं.

"ती पण केली. पण जाहीरनामाही लिहिला. राजाने काय काय केलं ते सगळं."

"लिहिलं ते बरं केलं. लिहिलेलं असलं की मी असं म्हणालोच नाही, असं म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी उगाच नाही लिहून दिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आपलाही जाहीरनामा लिहायला खालच्या लाइनीतल्या बायका आमच्याकडे जमल्या. आणि कोणी न बोलावता बनूमावशी आल्या. शंकरकाकांची सख्खी बायको.

"पाणी पहिलं माझ्या घरी येतं," त्या म्हणाल्या, "आणि पाण्यावरून जे बोलणं असतं तेपण पहिलं मलाच ऐकावं लागतं. आण इकडे पेन." त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

मी सांगायला सुरुवात केली, "शंकरराव यांनी..." पेन थांबलं.

"मी त्यांचं नाव नाही घेणार. लिहिणार पण नाही."

"मावशी, सत्त्याऐंशी साल आहे."

"असू दे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे. मी 'ह्यांनी' लिहिते."

माझं डोकंच फिरलं. नावाशिवाय जाहीरनामा? असं नसतं, हे दाखवायला मी तावातावाने पुस्तक उघडलं आणि तोंडावर आपटले. तिथेही राजाचं नाव नव्हतं. त्याने हे केलं, त्याने ते केलं, ओळीमागून ओळ.

"बघ," बनूमावशी म्हणाल्या, "त्यांच्यातही घेत नाहीत."

रविवारी विहारात मीटिंग भरली. अध्यक्षस्थानी अर्थात शंकरकाका. मी उभी राहून वाचायला लागले. "सगळी माणसं जन्माने सारखी, असं आम्ही समता वसाहतीच्या बायका मानतो. ह्यांनी आमचं म्हणणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. ह्यांनी नियम स्वतः केले आणि स्वतःच मोडले. ह्यांनी आम्हाला न विचारता बाहेरची माणसं जेवायला घरात आणली." हे शेवटचं मूळ जाहीरनाम्यात सैनिकांबद्दल होतं, पण आमच्या शेजारची काशी म्हणाली होती, हे गाळायचं नाही.

मला वाटलं, सगळे शंकरकाकांकडे बघतील. पण जो तो आपापल्या बायकोकडे बघत होता.

काशीचा नवरा रघु उठला. "एकदाच आणले होते यार. दोस्त होते कंपनीतले. हे मीटिंगमध्ये काढायची काय गरज होती?"

मागून सुदाम म्हणाला, "मी तर ऐकतो. फक्त टीव्ही चालू असतो."

शंकरकाकांना एवढा आनंद मी कधी झालेला पाहिला नव्हता. त्यांनी घसा साफ केला. "बायका लिहून देतात म्हणजे विषय गंभीर आहे. ज्या घरातले हे 'हे' असतील, त्यांनी या बायका सांगतील ते मुकाट्याने मान्य करायचं. अध्यक्ष म्हणून माझा आदेश आहे. वाच पुढे, मालिनी."

मी वाचलं. "ह्यांनी पाण्याची चावी उशाखाली ठेवली, आणि स्वतःचा पेपर संपल्याशिवाय खालच्या लाइनला पाणी सोडलं नाही. त्यापायी रोज उशीर होऊन आमच्यातल्या एकीची नोकरी जायची पाळी आली. म्हणून यापुढे चावी आमच्याकडे राहील."

आधी रघु हसला, मग सगळं विहार. शंकरकाका बायकोकडे वळले. "हे अक्षर तुझं आहे?"

"हो. पण नाव नाही घेतलं तुमचं."

चिडायची सोय राहिली नव्हती. आदेश तर देऊन बसले होते. ते आईला म्हणाले, "भिमाबाई, तुमच्या नोकरीचं असं आहे, हे मला एकदा सांगायचं तरी."

"दरवेळी सांगितलं, भाऊजी," आई म्हणाली. "तुम्ही पेपर वाचत होता."

काका उठून घरी गेले आणि चावी आणून त्यांनी आईच्या हातात दिली. ती आईला वाटली त्यापेक्षा जड निघाली, दोन्ही हातांनी धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई वॉल्व फिरवून आली, आमचा नळ दोनदा खाकरला आणि पाणी आलं. आईने बादली लावलीच नाही. धारेखाली हात धरून नुसती उभी राहिली.

"अगं भर ना," मी म्हटलं. "उशीर होईल."

"आज नाही होणार," ती म्हणाली, आणि तोंडावर पाणी मारत राहिली, मला तिचे डोळे दिसू नयेत म्हणून.