दोन पाळ्यांचा पलंग

"कायद्यापुढे अखिल मानवजात समान आहे!" संविधान दिनाच्या कार्यक्रमात कॉलनी मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव गरजले, आणि त्याच दमात माईकवरूनच म्हणाले, "पुढच्या खुर्च्या ऑफिसर लोकायसाठी ठेवा रे. बाकीच्यायनं मागं सरका."

पंजाबराव पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून फोरमन म्हणून रिटायर झाले, सेक्टर सहाचं क्वार्टर सोडलं आणि भिलाई-३ ला दुमजली घर बांधलं. मिल सुटली, पण शिफ्ट काही डोक्यातून गेली नाही. वरच्या खोलीतले भाडेकरू सुशील आणि पियूष त्यांचे लाडके होते ते त्यामुळेच. सुशील हथखोजच्या कारखान्यात रात्रपाळीला, पियूष रेल्वेत दिवसा. खोलीत पलंग एकच.

"एक उठला की दुसरा झोपते," पंजाबराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "मशीन थंडी होऊच देत नाहीत पोट्टे. याले म्हणते उत्पादकता!"

मग कारखान्यानं रात्रपाळी बंद केली आणि सुशीलही दिवसाचा झाला. एका मशीनवर एकाच शिफ्टला दोन माणसं! पंजाबरावांनी अडगळीतला लोखंडी पलंग काढला, मंडळाचे सेक्रेटरी भय्याजी यांना दुसऱ्या टोकाला जुंपलं आणि जिन्याचा कठडा वाकवत तो वर चढवला.

"रहने दो ना काकाजी, आमचं होऊन जाते," सुशील काकुळतीला आला.

"कसं होते? सेफ्टी नावाची काही गोष्ट आहे का नाही?"

भय्याजी मात्र घाम पुसत जुन्या पलंगाकडे पाहत होते. उशा दोन, रजई एक. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. पंजाबरावांना त्यांच्या बायकोनं, कलावतीबाईंनी, पोळ्या लाटता लाटता समजावून सांगितलं.

"तुले कधीपासून माहीत?"

"पहिल्या महिन्यापासून. तुमाले तीन वर्षं काय वाटलं?"

"उत्पादकता," पंजाबराव बारीक आवाजात म्हणाले.

रविवारी भय्याजी चार सभासद घेऊन ओट्यावर आले. "भाऊ, खोली खाली करून घ्या. फॅमिलीवाली कॉलनी आहे."

"कावून? सुप्रीम कोर्टानं दोन हजार अठरातच सांगतलं, हा गुन्हा नाही!"

"नाही ना. कोण जेलात टाकून राहिलं त्यायले? पण त्यायले खोली द्याच, असं कोन्या कायद्यात लिहिलं आहे? दाखवा."

पंजाबरावांनी खिशात तसंच राहिलेलं संविधान दिनाचं भाषण काढलं, उलटंपालटं करून पाहिलं. तसं कुठंच नव्हतं. कायद्यानं पोरांना जेलच्या दारातून सोडवलं होतं आणि पंजाबरावांच्या जिन्यावर आणून उभं केलं होतं. पुढचं त्यांच्यावर. वरून पेटी ओढल्याचा आवाज आला. पोरांनी सामान बांधायला घेतलंही होतं. याआधी दोन घरं अशीच सुटली होती, त्यामुळे हात सरावाचा होता.

"अहो," आतून कलावतीबाईंचा आवाज आला, "पुढच्या खुर्च्या कोणासाठी ठेवता, तेवढं सांगून टाका त्यायले."

पंजाबरावांनी भाषण घडी करून खिशात घातलं. "लिहिलं नसन तर मी सांगतो. पोट्टे इथंच राहतील. ज्याले आक्षेप आहे, त्यानं तो आपल्या ओट्यावर बसून घ्यावा."

"मग अध्यक्षपद सोडा लागन, भाऊ."

हे लागलं. गणपतीची पहिली आरती, हार, माईक, सगळंच जाणार होतं. "सोडलं," पंजाबराव म्हणाले, आणि कोणी भाषण मागायच्या आत जिना चढले.

वर सुशील गाठोड्यावर बसला होता.

"सोडा ते गाठोडं!" पंजाबराव दारातूनच गरजले. "कोणी कुठं जाऊन नाही राहिलं. आजपासून या घरात तुमी मान वर करून राहा. काही अडचण असन तर निर्भयपणे बोला!"

सुशीलनं डोळे पुसले. पियूषनं त्याच्याकडे पाहिलं, मग पंजाबरावांकडे.

"काकाजी, एकच होतं."

"बोल बेटा, बोल!"

"तो लोखंडी पलंग खाली घेऊन जाता का? अंधारात रोज पायाले लागते."