बावीस पायऱ्यांचा मान

आमच्या रेणापूरच्या वाचनालयाला म्हाताऱ्यांची आठवण झाली ती लातूर नवा जिल्हा झाल्यावर. तपासणी आता लातूरहून होणार होती, आणि वृद्धांचा स्वतंत्र कक्ष असला तर वाचनालय अनुदानाच्या वरच्या वर्गात जाणार होतं. अध्यक्ष शेषेराव मोठ्या मनाचे. म्हणाले, "थोरामोठ्यांना खाली दारापाशी बसवायचं, हे शोभतं का आपल्याला? त्यांची जागा वर!" म्हणून कक्ष माडीवर गेला. बावीस पायऱ्या, कठडा नाही. दाराला तोरण, आत नवी सतरंजी, आणि मोठ्या अक्षरांची होती नव्हती तेवढी पुस्तकं. श्रावण अर्धा सरला तरी आभाळ कोरडंच होतं, बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. पण उद्घाटनाला सडा मात्र भरघोस पडला.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गुरम्मा अव्वांचा श्रावणाचा नेम होता: गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की पोथीचा एक अध्याय स्वतःच्या तोंडानं वाचायचा, मगच अन्न. घरच्या पोथीची अक्षरं मोहरीएवढी. म्हणून चौदा दिवस त्या वाचनालयाच्या दारातल्या बाकावर बसून तिथली मोठ्या अक्षरांची पोथी वाचत होत्या. पंधराव्या दिवशी बाक हलवला, पोथी वर गेली आणि अव्वा खाली राहिल्या. घरचा उंबरा ओलांडतानाही त्यांना दोनदा शिवाचं नाव घ्यावं लागे.

"अव्वा, मी घरची पोथी वाचते, तुम्ही ऐका," मी म्हणाले.

"नेम माझा आन् तोंड तुझं? उद्या म्हणशील, जेवते मी, ढेकर तुमी द्या."

तो दिवस पाण्यावर गेला. दुसऱ्या दिवशीही त्या पाण्यावरच. पूजा आटोपून मी वाचनालयात गेले. तपासणीचा दिवस, ग्रंथपाल मलप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात.

"मलप्पा, ती पोथी तेवढी खाली द्या."

"अक्का, कक्षातलं पुस्तक भायेर न्यायचं न्हाई. नियम हाय. अव्वालाच वर आणा की. त्यांच्यासाठीच तर केलंय समदं."

"उचलून आणू?"

"आणा. फकस्त आवाज न करता."

मी मान डोलावली. एवढ्या काळजीवाहू माणसाला उलट काय बोलायचं?

तेवढ्यात लातूरचे साहेब आले. बावीसच्या बावीस पायऱ्या धापा टाकत चढले. मीही मागोमाग गेले. सतरंजीवर सुरकुती नाही, पुस्तकांवर बोटाचा ठसा नाही. "स्वच्छता उत्तम," साहेब म्हणाले आणि त्यांनी वाचकांचं रजिस्टर उघडलं. तेही तितकंच स्वच्छ होतं.

शेषेरावांनी घाम पुसला. मी दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "ह्या अक्का रोज येत्यात, म्हाताऱ्या बाईला घेऊन. सांगा की अक्का!"

श्रावणात मी खोटं बोलत नाही. हळूच म्हणाले, "साहेब, अव्वा रोज यायच्या, खाली बाक होता तोवर. कालपासून येणं बंद आणि जेवणही बंद. वाचक हवा असेल तर आहे, पण तो खाली आहे."

"मग पुस्तक खाली द्या ना!"

"पण नियम, साहेब..." शेषेराव चाचरले.

"कुणी केला?"

"आमीच."

"मग मोडायला लातूरहून माणूस बोलवायचाय का? रिकाम्या कक्षाला कसला वर्ग देऊ मी?"

मलप्पा पोथी घेऊन असा धावला, की नियम बिचारा वरच राहिला. मी अव्वांना हाताला धरून आणलं. बाक सापडेना, म्हणून अध्यक्षांची गादीची खुर्ची दारात आली. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून अव्वांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. अध्याय चालू असताना उठून जायची आमच्याकडे रीत नाही. साहेब, शेषेराव, सगळी कमिटी हात जोडून उभी. पलीकडच्या खोलीत साहेबांसाठी मागवलेली भजी थंड होत होती.

अध्याय संपला. मलप्पानं लगबगीनं रजिस्टर पुढं केलं.

"थांब रे. हा कालचा झाला. आजचा ऱ्हायलाय."

कमिटीनं पुन्हा हात जोडले. दुसरा अध्याय पहिल्याहून मोठा निघाला. तो संपल्यावर अव्वांनी पोथी डोक्याला लावली, मिटली.

"अव्वा, आता तरी सही?" मलप्पा काकुळतीला आला होता.

"सही मागनं करते," अव्वा माझ्या खांद्यावर हात टाकून उठल्या. "आधी भाकर."