न वाजलेला स्पीकर

बुद्धभूषणनं बीड बायपासला घर घेतलं, तेव्हा त्या घरात पहिला आवाज कुणाचा उठायचा हे त्यानं भिंतींना रंग लागायच्या आधीच ठरवलं होतं. बाबांचा. बाबांचं जुनं गाणं, आणि ते वाजवणारे स्पीकर बाबांच्याच कानानं पारखलेले. येत्या रविवारी बुद्धवंदना होती. बाबांच्या गायन पार्टीतली जुनी माणसं करमाडहून येणार होती, आणि हॉलमधल्या नव्या होम थिएटरवर त्यांचंच गाणं त्यांना ऐकवायचं होतं.

करमाडच्या आसपासच्या गावांत बाबांची, म्हणजे कडुबांची, गायन पार्टी एकेकाळी नावाजलेली. पेटी, ढोलकी, झांज, आणि मागं झील धरायला त्यांची बायको मालनबाई. कडुबांनी ओळ टाकायची, मालनबाईंनी तिचा शेवट उचलून पुन्हा म्हणायचा, जसं विहिरीत हाक मारावी आणि विहिरीनं ती जास्त गोड करून परत द्यावी. पुढं पार्टी मोडली. पेटीचा भाता फाटला. मालनबाईंची झील मात्र थांबली नाही. "चहा ठेवू का?" असं सुनेनं विचारलं, की त्या कडुबांच्या तोंडासमोर जाऊन म्हणणार, "चहा ठेवू का म्हनती." टीव्हीवर बातमी लागली की त्या बातमीचंही शेपूट उचलणार.

"आई, बाबांना काय दुसऱ्यांदा ऐकू येतं का?" बुद्धभूषण हसायचा.

"जलमभर झील धरली रं," त्या म्हणायच्या. "तोंडाला आता सुट्टी कशी देऊ?"

गाणाऱ्याचं घर. कुणाला त्यात वेगळं असं काही वाटलं नाही.

बुद्धभूषण शेंद्र्याच्या कंपनीत सुपरवायझर. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याचं डोकं भणाणलं होतं. एकजण सांगे, उंच टॉवर स्पीकर घ्या. दुसरा म्हणे, लहान हॉलला टॉवर म्हणजे खोलीत हत्ती. खालचा घुमारा देणारा सबवूफर आठ इंची की दहा इंची? रिसीव्हर पाच चॅनलचा की सात? आणि खरी गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती: त्याला सगळे स्पीकर सारखेच ऐकू यायचे. लहानपणापासून सुरातलं बरंवाईट बाबाच सांगत आले. ढोलकीवर बोट मारून ते म्हणायचे, "ही रडती," की ती ढोलकी त्याला रडतानाच ऐकू यायची. स्वतःचा कान घडवायची त्याला कधी गरजच पडली नाही.

म्हणून तो आईबाबांना घेऊन कॅनॉट मार्केटमधल्या स्पीकरच्या दुकानात आला.

दुकानात मागच्या बाजूला काचेच्या दाराची एक खोली होती, भिंतींना जाड कापड लावलेली. मधोमध एक खुर्ची. विक्री बघणाऱ्या सुयशनं कडुबांना हात धरून तिच्यात बसवलं.

"काका, ही ऐकायची जागा. सगळे स्पीकर इथंच बघतात. बाकीच्यांनी मागं बसा, आणि प्लीज, एकदम शांतता. बोललं की निवड चुकते."

"म्हंजे मी बी गप?" मालनबाईंनी विचारलं.

"तू तर नक्कीच गप," बुद्धभूषण म्हणाला, आणि सुयशपण हसला.

मालनबाई हसल्या नाहीत. त्या मागच्या सोफ्यावर टेकल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

पेन ड्राइव्ह रिसीव्हरला लागला. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं ते गाणं. आधी खरखर, मग पेटी, मग तरण्या कडुबांचा आवाज, नांगराच्या तासासारखा सरळ:

*भीमानं दिलं गं पाटी-पेन्सिलीचं बियाणं,*
*रानोरान उगवलं माझं शहाणं गाणं…*

आणि मागून मालनबाई: *माझं शहाणं गाणं.*

कडुबांनी मान वाकडी केली. कपाळाला आठी पडली.

"नाय रं," ते म्हणाले. "ह्याच्यात अक्षर नाय. नुसता भुंगा हाय."

सुयशनं दुसरी जोडी लावली आणि तो कडुबांच्या समोर येऊन म्हणाला, "ह्याचा ट्वीटर वेगळा आहे काका. झांज ऐका कशी सुटी येतेय."

"झांज? कुठंय झांज?" कडुबा जरा जोरातच बोलले. "गोणपाट बांधलंय काय ह्याच्या तोंडाला?"

बुद्धभूषणला अभिमान वाटला. बघा, म्हणजे बाबांचा कान! त्याला तर झांज स्वच्छ ऐकू येत होती, पण आता त्याला तीही मळकट वाटू लागली. सुयशनं तिसरी जोडी लावली, ती आधीच्यापेक्षा भारी. मग चौथी. सेंटर स्पीकर बदलला, रिसीव्हरवर आवाजाची उंच पट्टी चढवली. कडुबा प्रत्येक वेळी मान हलवत. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा चढत होता आणि नजर थोडी पडत होती.

"काका लई कडक आहेत सर," सुयश कुजबुजला. "एवढे तर आमचे इंजिनिअर पण नसतात."

"कधी चूक काढली अन् ती खोटी निघाली, असं झालंच नाही," बुद्धभूषण म्हणाला.

शेवटी सुयशनं दुकानातले सगळ्यात चांगले टॉवर पुढं ओढले. त्यांच्या वायरी लावायला तो रिसीव्हरच्या मागं वाकला. "दोन मिनिटं आवाज बंद करतोय सर. वायर लावताना चालू ठेवला तर रिसीव्हर जळायचा." गाणं पुढं सरकतच होतं, पण मुकं. समोरच्या पडद्यावर हिरव्या रेघा उभ्या राहत होत्या, पडत होत्या.

कडुबांनी त्या रेघांकडं पाहिलं. दमलेल्या लेकाकडं पाहिलं. मग डोळे मिटले. बोटं मांडीवर ठेका धरू लागली. हळूहळू कपाळाची आठी सुटली, कोरड्या ओढ्यात पाणी सुटावं तसा चेहरा भिजला, आणि ते डोलू लागले.

"हां!" ते ओरडले. "हे! ह्याला म्हनत्यात वाजणं! झांज बघ कशी येती. अन् मालन… मालनची झील बी सुटी येती रं. हेच घे भूषण. हेच!"

खोलीत एसीची घरघर तेवढी होती. वायर हातात धरून सुयश तसाच वाकलेला राहिला.

बुद्धभूषणला आधी कळलंच नाही. तो स्पीकरकडं बघत राहिला, आपल्यालाच ऐकू येत नाही की काय अशा भीतीनं. मग तो आईकडं वळला. तिनं तोंडावर पदर धरला होता.

"आई?" तो साध्या आवाजात म्हणाला. खुर्ची दोन हातांवर होती. कडुबा डोलत होते.

"बोल मोठ्यानं," मालनबाई म्हणाल्या. "त्येला काय व्हतंय."

"कधीपासून?"

"झाली की वर्सं. आधी पाखरं गेली. मग पोरींचे आवाज. मग माझा." त्या पदरातच बोलत होत्या. "घाटी दवाखान्यात दावलं. डॉक्टर म्हनले, शीर सुकली. यंत्र घातलं तर गलका वाढंल, शब्द यायचे नाय. यंत्र घालू बी देईना. गाणाऱ्यानं कानात खुटी मारून हिंडायचं का, म्हनला. कुनाला सांगू नको, म्हनला. मग मी सांगत गेले त्येलाच. तुमी जे जे बोलाल ते ते, त्येच्या म्होरं जाऊन. व्हट बघून उमगतं त्येला."

"मला तरी सांगायचंस."

"तुला? तू तर त्येच्याच कानानं ऐकतूस."

इतक्या वर्षांची ती चहाची, बातम्यांची, पाहुण्यांची झील बुद्धभूषणच्या डोक्यात एकदम उलटी वाजू लागली. बाबांच्या मांडीवर त्यांची बोटं अजून नाचत होती, आणि त्या बोटांना हात लावून थांबवायची त्याची छाती होत नव्हती. काय म्हणायचं? आणि म्हटलं तरी ते पोचायचं कुणापर्यंत?

तेवढ्यात सुयशनं गडबडीत वायरी खोचून, बहुधा काहीतरी करायचं म्हणून, आवाजाचं बटण दाबलं.

टॉवर बोलू लागले. खाली सबवूफर उठला. ढोलकीची थाप फरशीतून चालत आली आणि कडुबांच्या तळपायांवर पडली.

त्यांची बोटं थांबली. थाप इथं यायला नको होती. त्यांचं गाणं अजून दुसऱ्या कडव्यात होतं आणि फरशीतलं गाणं कधीच पुढं निघून गेलं होतं. सगळ्या आयुष्यात ज्या माणसाचा ठेका चुकला नाही, तो आपल्या पायांकडं बघत राहिला. मग त्यांनी सुयशच्या हातातली उरलेली वायर पाहिली.

"मघा बंद व्हता काय रं हा?"

सुयशनं वायर पाठीमागं घेतली.

"भूषण. बंद व्हता का?"

बुद्धभूषण त्यांच्या समोर आला, गुडघ्यांवर बसला. तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "नाही बाबा. चालू होता."

कडुबांनी मालनबाईंकडं पाहिलं. आता तिनं शेपूट उचलायचं होतं. *चालू व्हता म्हनतोय.* एवढंच. मालनबाईंचे ओठ हलले, पण त्यांच्यातून काही आलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

"व्हय," कडुबा म्हणाले. "चालूच असंल."

ते खुर्चीचे हात धरून उठले. "तू बस हितं."

"बाबा, राहू द्या. आपण नंतर येऊ."

"बस म्हनतो ना."

बुद्धभूषण बसला. खुर्ची गरम होती. समोरून बाबांचा तरणा आवाज आला, मागं आई, झांज, पेटी, कुठल्याशा मांडवातलं एक रडणारं पोर. चांगलं वाजत होतं की वाईट, त्याला कळत नव्हतं. तो कान देऊन, सगळा जीव देऊन ऐकत होता, आणि तरी कळत नव्हतं. पहिल्यांदाच त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

कडुबा त्याच्या समोर उभे राहिले, स्पीकरकडं पाठ करून. लेकाच्या तोंडाकडं ते बघत होते, गर्दीत आपलं माणूस शोधावं तसे. त्यांनी हात मांडीशी आणला, बोटं उचलली, आणि ती तशीच अधांतरी धरली.

"भूषण," ते हळू म्हणाले, त्यांना वाटलं हळू, पण काचेबाहेर दुकानातल्या माणसांनीही वळून पाहिलं. "कोनतं कडवं चाललंय आता?"