डावीकडे अठरा अंश

एमआरआयच्या यंत्रात माणसाला झोपवायचं काम तो सव्वीस वर्षं करत होता, आणि किल्ल्या काढून ठेवा, डोळे मिटा, घाबरू नका, हे शब्द त्याच्या तोंडून झोपेतही निघतात अशी त्याची बायको थट्टा करायची. म्हणजे लेक होती तोवर करायची. बावीस वर्षांची त्यांची एकुलती एक लेक चार दिवसांच्या तापात गेली त्याला आता तीन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

म्हणूनच, विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना अभ्यासासाठी निरोगी माणसं हवी होती तेव्हा त्यानं बायकोचं नाव सुचवलं. तेवढंच तिचं घराबाहेर पडणं होईल. मेंदूतले मज्जातंतू यंत्रातल्या चुंबकाच्या दिशेनं पसरलेले असले तर एक आकडा येतो, त्याला आडवे असले तर दुसरा. मेंदू तोच, पण मान कलली की आकडे बदलतात. तेव्हा एकाच माणसाचं डोकं आधी सरळ, मग थोडं थोडं कलवून मोजायचं आणि कुठल्या कोनाला किती फरक पडतो त्याचा तक्ता करायचा, एवढंच काम होतं.

वीस जणांचे आकडे तक्त्यात चपखल बसले. बायकोचे बसेनात.

"काका, काकूंची मान डावीकडे कलली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अठरा अंश तरी."

"सरळ होती. दोन्ही कानांशी उशा मीच लावल्या."

चित्रं उघडली, तर डोकं ओळंबा लावल्यासारखं सरळ. आकडे मात्र कललेल्या डोक्याचे. पुढच्या आठवड्यात त्यानं आधी माणसाऐवजी पाण्याची बाटली ठेवून यंत्र तपासलं, ते ठणठणीत होतं. मग बायकोला पुन्हा मोजलं, तर कल चोवीस अंशांवर गेलेला. डोकं मुद्दाम उजवीकडे कलवून पाहिलं, तरी तंतूंनी आपली दिशा सोडली नाही, जणू कवटीच्या आत ते सगळे हळूहळू एकाच बाजूला वळून बसले होते.

"आजार काही नाही हं, काका," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते नाव तक्त्यातून काढून टाकलं.

त्याला ते मनातून काढता येईना. तो घरी बायकोकडे लक्ष ठेवू लागला. भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबायची, कपड्यांच्या घड्या घालता घालता हात थबकायचे. गप्प तर ती एरवीही असे, पण हे गप्प राहणं वेगळं होतं, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणाऱ्या माणसाचं. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं. आणि दर वेळी तिचं लक्ष डावीकडे, जिथे कोणीच नसे.

एका दुपारी त्यानं विचारलंच. "काय ऐकतेस?"

"ती बोलते ना," हातातली घडी न मोडता ती म्हणाली. मग तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः यंत्रात झोपला. का, ते त्यानं सांगितलं नाही.

"काका, तुमचे आकडे एकदम आदर्श," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "शून्य अंश. इतकं सरळ कोणाचंच आलं नाही."

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्यानं तोंडात रुमाल कोंबला आणि तो रडला. लेक गेली त्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता. तेव्हा ती दोघांचीही गेली होती.

संध्याकाळी बायको खिडकीपाशी बसली होती. तिच्या डाव्या बाजूला जायचा त्याला धीर झाला नाही. उजवीकडे खुर्ची ओढून तो बसला.

"तिला सांग," तो म्हणाला, "बाबा इथंच आहेत म्हणावं. एकदा माझ्याशीही बोल म्हणावं. रागावून बोललीस तरी चालेल."

बायकोनं मान वळवून हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं आणि ती ऐकत राहिली. बराच वेळ. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. मग तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि घट्ट धरला.

"काय म्हणाली?"

"ती विचारतेय," बायको म्हणाली, "आई, तू कोणाशी बोलतेयस?"